सहावा सीझन

मिरजेत, दवाखान्यामागच्या गल्लीत
आठ दिवसांच्या बोलीवर खोली घेतली, राहिलो अडीच महिने.
खाली औषधाचं दुकान, वर आम्ही दोघं
आणि माझ्या फोनमधली ती जपानी मालिका
जी मी आठवीपासून बघते
आणि अण्णांच्या लेखी जी नुसती
मोठ्या डोळ्यांची कार्टनं.

पण घशाला भोक, मानेला पट्टी,
खोलीत टीव्ही नाही, डोळ्याला डोळा नाही.
लाव, असं बोटानंच म्हणाले.

मागची गोष्ट मी दोन दुपारीत सांगितली.
एक नदी आहे, तिला काठच नाही.
एक मुलगी हरवलेली सावली शोधते
आणि नाव वल्हवतो एक म्हातारा,
धड माणसाचं, डोकं बगळ्याचं.
चढणाऱ्याला तो विचारतो, किती जण?
एकटाच असला तरी विचारतो.
अण्णांनी मान डोलावली.
असले अडते त्यांनी पाहिलेत.

तिसऱ्या सीझनचे चार भाग दाखवले, चवीपुरते.
मग सहावा.
धुकं. वल्ह्याची चुळुक.
बगळ्यानं चोच उघडली
आणि अण्णांनी माझं मनगट धरलं.
द्राक्षाच्या औषधकंपनीनं वाटलेल्या वहीत लिहिलं,
ह्यो तो न्हवं.

जपानी मला येत नाही,
खालची इंग्रजी अक्षरं त्यांच्यापुढून
मुंग्यांसारखी निघून जातात.
पण तासगावच्या बेदाणा सौद्यात
ज्यानं तीस वर्षं भाव पुकारला,
एकशे चाळीस, बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस,
त्याला गळा ओळखायला भाषा कशाला?

मी शोधून काढलं. आधीचा नट वारला होता,
दोन सीझनच्या मधल्या वर्षात.
म्हटलं, "रजेवर असंल."
ओला माल वाळला म्हणून आणणाऱ्याकडे बघत
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

नवा आवाज पातळ.
किती जण? असं विचारायचा
तर वाटायचं, कागद बघून वाचतोय.
किरणं घेऊन आलो की रोज एक भाग, कधी अर्धाच,
आणि त्याला शिव्या,
मी तोंडानं, ते वहीत.
त्यांच्या जास्त चांगल्या होत्या.

नवव्या भागात काहीच घडत नाही.
नाव गाळात रुतते.
बगळा गुडघाभर पाण्यात उतरून ढकलत राहतो,
ढकलतच राहतो,
आणि मुलगी काहीतरी विचारते तेव्हा म्हणतो,
थांब, आधी श्वास घेऊ दे.

अण्णांनी वही उचलली नाही.
दिवा मालवल्यावर माझ्या ध्यानात आलं,
आज जुन्याची आठवणच झाली नाही.
मला जरा लाज वाटली.
त्यांना वाटली का, विचारलं नाही.

पुढे झडप बसवली.
भोकावर अंगठा ठेवा, आकडे म्हणा, डॉक्टर म्हणाले.
अण्णांनी सुरुवात एकशे चाळीसपासून केली.
पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं काहीतरी बाहेर आलं.
शेजारच्या खाटेवरचा वसगड्याचा माणूस हसला,
मग भिंतीकडे वळला.

चैत्रात सौद्याला नेलं.
पुकारायला आता सावळजचा पोरगा, प्रज्वल.
कोवळा गळा, मागच्या रांगेत पोचत नाही,
एकशे साठला तर फाटतोच.
पायाखाली उधळलेला बेदाणा चिकटत होता.
"तुमची सर न्हाई त्याला, भूपालआण्णा,"
कोठारी शेठ कानाशी म्हणाले.

अण्णांनी एक हिरवा दाणा तोंडात टाकला,
चावला, सावकाश गिळला.
मग अंगठा मानेवर.
"नऊ भाग जाऊ द्यात."

"किती?" शेठनं विचारलं.
"नऊ."

शेठनं मान हलवली
आणि काही न समजून,
सवयीनं,
खिशातली वही काढून ९ लिहून ठेवला.